पेट्रोल टाकीला आतून अस्तर: गोव्यातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मोटरसायकलींसाठी आहे. यझदी, राजदूत, आरएक्स १००, जुनी बुलेट, सीडी १०० यांच्या लोखंडी टाक्या आतून गंजतात आणि मालक त्या घरीच नीट करायच्या विचारात असतात. काम होण्यासारखं आहे. पण त्यात पेट्रोल आहे, अॅसिड आहे, आणि आपल्याकडची दमट हवा आहे. या तिन्हींना मान देऊनच ते करायला हवं.

टाकीत गंज दिसला. सीलर, म्हणजे आत ओतून अस्तर धरणारं रसायन, मागवू का?

आधी झाकण काढून एलईडी टॉर्चने आत नीट बघा. पेटता दिवा, काडी, वायर लावलेला बल्ब यातलं काहीही टाकीच्या तोंडाजवळ आणू नका. भिंतीवर नुसती तपकिरी भुकटी असेल, बोट फिरवल्यावर ती बोटाला लागत असेल आणि खालचा पत्रा गुळगुळीत लागत असेल, तर तो वरवरचा गंज आहे. तो काढायचा, टाकी सुकवायची, पेट्रोल भरायचं आणि गाडी वापरत राहायचं. अस्तर नको.

पापुद्रे सुटत असतील, पत्र्याला खड्डे पडले असतील किंवा बाहेरून रंगाखाली फुगवटा येऊन पेट्रोलचा ओला डाग दिसत असेल, तर अस्तराचा विचार करा. पुष्कळ टाक्यांना ते विनाकारण लावलं जातं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण गंज काढता येतो, पण खराब बसलेलं अस्तर काढताना नाकी नऊ येतात.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यामुळे टाकी आतून गंजते का?

खारं वारं बाहेरून काम करतं. सायलेन्सर, तारा, हँडलचं क्रोम ते खातं. आतला गंज पाण्यामुळे होतो आणि पाणी आत यायला मुख्यतः दोन वाटा आहेत.

पहिली वाट हवेची. पेट्रोल कमी झालं की झाकणाच्या बारीक भोकातून तेवढी हवा आत येते. गोव्याची हवा म्हणजे पावसाळ्यात ८५-९० टक्के आर्द्रता. रात्री टाकी थंड झाली की अर्ध्या रिकाम्या टाकीच्या वरच्या पत्र्याला आतून दव धरतं, थेंब ओघळून पेट्रोलच्या तळाशी बसतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तो थेंब तिथेच राहतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

दुसरी वाट झाकणाची. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं झाकण आणि त्याखालचं दगडासारखं कडक झालेलं रबर. काही टाक्यांना तोंडाभोवती साचलेलं पाणी खाली सोडणारी नळी असते. ती मातीने बुजली की तोंडाशी डबकं होतं आणि झाकण उघडताक्षणी ते पाणी आत सांडतं. ती नळी आजच तारेने मोकळी करून बघा.

आता टाकीचा आकार बघा. चौकटीवर बसावी म्हणून तिला मधोमध उलटी पन्हाळ असते, म्हणजे खाली दोन वेगळे कप्पे होतात. बहुतेक टाक्यांना कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, एकाच कप्प्याला असतो. दुसऱ्या कप्प्यातलं पाणी कॉकपर्यंत पोहोचतच नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच बसतं. टाकीला भोक पडायचं असेल तर बहुधा त्याच कप्प्याच्या सर्वांत खालच्या शिवणीवर पडतं.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे गंज वाढला का?

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनातून जळून जातं, हा फायदाच. पण पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी वेगळा थर धरतात. तो थर लोखंडाला नुसत्या पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त त्रास देतो. रोज चालणाऱ्या गाडीत हे सहसा होत नाही, कारण पेट्रोल बदलत राहतं. महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीत होतं.

देशात दहा टक्के मिश्रण २०२२ साली गाठलं गेलं आणि ई२०ची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली. तुमची ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी त्याआधीच्या जमान्यातली. म्हणून सीलर घेताना डब्यावर इथेनॉलला टिकतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘पेट्रोलप्रूफ’ पुरत नाही. जुन्या पद्धतीचे काही सीलर इथेनॉलमध्ये मऊ पडून सोलले जातात.

हे काम कोणत्या महिन्यात करावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी. दुपारी कोरडं ऊन, वारा, पावसाची धास्ती नाही. सकाळी दव पडतं, म्हणून ऊन वर आल्यावर, दहानंतर सुरुवात करा. मृग लागल्यापासून गणेश चवथीपर्यंत या कामाला हात लावू नका. गंज काढणं एक वेळ जमेल, पण टाकी आतून कोरडी होणार नाही, आणि ओल्या पत्र्यावर अस्तर धरत नाही. पावसात टाकी गळायला लागलीच तर पेट्रोल काढून घ्या, गाडी आडोशाला ठेवा आणि थांबा. एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन भाग मिसळून वापरायचं इपॉक्सी अस्तर हातातच घट्ट व्हायला लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट वेगाने जमतं असं धरून चाला.

टाकी काढताना आणि पेट्रोल रिकामं करताना काय काळजी घ्यायची?

उघड्यावर करा. बंद गॅरेजात नाही, स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत तर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि दहा पावलांवरच्या चुलीपर्यंत किंवा गिझरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्या हवेत ते नेहमीच तयार असतं.

आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवा. पेट्रोल धातूच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये काढा. ते गढूळ किंवा लालसर असेल तर पुन्हा गाडीत घालू नका. मग सीट, मागचा बोल्ट, पेट्रोलची नळी आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या भागाची) वायर असल्यास तीही सोडवून टाकी उचला. कॉक, झाकण आणि फ्लोट काढून बाजूला ठेवा. ते जस्ताच्या किंवा पितळेच्या मिश्रधातूचे असतात आणि गंजाचं अॅसिड त्यांना खातं.

पहिली धुलाई भांड्यांच्या साबणाची आणि पाण्याची. टाकी काठोकाठ भरा, ओता, पुन्हा भरा. वास जाईपर्यंत. तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट, रोगणासारखा थर असेल तर थोडं अॅसिटोन घालून हलवा आणि ओतून टाका. तेलकट किंवा चिकट पत्र्यावर अॅसिडही नीट काम करत नाही आणि अस्तरही.

आत नट-बोल्ट टाकून हलवायची पद्धत बरोबर आहे का?

पापुद्रे जाड असतील तरच. मूठभर छोटे नट घ्या आणि मोजून टाका, म्हणजे बाहेर किती आले ते कळेल. त्याहून बरं म्हणजे जुन्या चेनचा हातभर तुकडा, टोकाला मजबूत तार बांधलेला. ओढला की बाहेर येतो. पत्रा आधीच पातळ झाला असेल तर जोराने आपटू नका.

गंज काढायला कोणतं अॅसिड?

घरी करणाऱ्याला मी सायट्रिक अॅसिड सांगतो, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. ५ ते १० टक्के पुरतं. १२ लिटरच्या टाकीला सहाशे ग्रॅम ते सव्वा किलो. गरम पाण्यात विरघळवा, टाकी पूर्ण भरा. अर्धवट भरली तर पातळीच्या रेषेवर हवा आणि अॅसिड दोन्ही मिळून नवा गंज धरतो. तोंड बंद करू नका, कारण आत हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. त्याच कारणासाठी जवळ विडी-सिगरेट नको. रात्रभर ठेवा, सकाळी बघा. पत्रा राखाडी दिसायला लागला की थांबा. लोखंड अॅसिडमध्ये गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवून काही मिळत नाही.

फॉस्फोरिक अॅसिडचं ‘रस्ट रिमूव्हर’ हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते जास्त जोरकस, आणि त्याचा एक फायदा आहे: ते पत्र्यावर फॉस्फेटचा राखाडी, जरासा खरखरीत थर सोडतं, ज्यावर अस्तर चांगलं पकडतं. काही सीलरवाले हाच थर मागतात. डब्यावरच्या सूचना माझ्यापेक्षा वरचढ समजा.

बाथरूम साफ करायचं हायड्रोक्लोरिक अॅसिड वापरू नका, भले ते दहा मिनिटांत गंज साफ करून दाखवो. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, धूर छातीत जातो, आणि त्याचं क्लोराइड शिवणींच्या घडीत लपून बसतं. बाहेरून स्वच्छ दिसणारी टाकी मग अस्तराखालून पुन्हा गंजते.

हातमोजे, चष्मा, जुने कपडे. टाकीचा रंग वाचवायचा असेल तर बाहेरून प्लास्टिक गुंडाळा, तोंडाभोवती व्हॅसलिन चोपडा.

भिरंडाचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), चिंचेचा कोळ किंवा माडाचा व्हिनेगर चालेल का? समई तर आगळाने लख्ख होते.

समई पितळेची असते, वर पटकन धुऊन पुसली जाते. टाकीची गोष्ट वेगळी. आगळात मीठ असतं आणि मीठ म्हणजे पुन्हा तेच क्लोराइड. चिंचेच्या कोळातलं चोथ्यासारखं सगळं कॉकच्या जाळीत अडकेल. व्हिनेगर काम करतो, पण त्यात अॅसिडचं प्रमाण चार-पाच टक्केच, म्हणजे पूर्ण टाकी भरायला भरपूर लागतो, वेळही दोन-तीन दिवस. चांगला माडाचा व्हिनेगर त्यात घालवू नका.

बॅटरी चार्जरने गंज काढतात म्हणे?

हो, आणि चांगला निघतो. पाच लिटर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा, चार्जरची निगेटिव्ह वायर टाकीला, पॉझिटिव्ह वायर आत लोंबकळणाऱ्या साध्या लोखंडी सळीला. सळी टाकीला कुठेही टेकता कामा नये. सळी स्टेनलेस स्टीलची अजिबात नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. टाकीत पेट्रोलचा वाससुद्धा उरलेला नसावा, कारण बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आणि चार्जरच्या चिमट्याची ठिणगी बाजूलाच. वायर लावण्या-काढण्याआधी चार्जर बंद करायचा. विजेच्या कामाची सवय नसेल तर सायट्रिकवरच राहा.

अॅसिडने धुतल्यावर टाकी नव्या जागी गळायला लागली. काय बिघडलं?

काही बिघडलं नाही. भोक आधीच होतं, गंजाने ते बुजवून ठेवलं होतं. आत्ता कळलं हे बरं. सुईच्या टोकाएवढं भोक सीलर आतून झाकतो. काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं असेल तर आधी बाहेरून बंद करायला हवं: पत्रा चकचकीत घासून त्यावर पेट्रोलला टिकणारी इपॉक्सी पुट्टी, किंवा जाणकाराकडून पितळी झाळ. शिवण चार बोटं लांब कुजली असेल, दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर ती टाकी आता टाकी राहिली नाही.

मग घरीच वेल्डिंग मारून घेतलं तर?

नाही. पेट्रोलची टाकी धुऊन वास गेला तरी शिवणींच्या घडीत पेट्रोल उरतं, ज्योत लागली की त्याची वाफ होते आणि टाकी फुटते. यात माणसं गेली आहेत. हे काम टाकीतली वाफ काढून किंवा ती पाण्याने जवळजवळ पूर्ण भरून करणाऱ्या अनुभवी माणसाचंच आहे. आणि ते अस्तर लावण्याआधी. अस्तर लावलेल्या टाकीवर ज्योत धरली तर अस्तर जळून विषारी धूर होतो.

पाण्याने धुतल्यावर पाच मिनिटांत पत्रा पुन्हा तांबूस झाला!

हाच या सगळ्या कामाचा गाभा. अॅसिडने नागडा झालेला पत्रा आणि आपली हवा, यांना मिनिटंही पुरतात. त्यामुळे पुढचं सगळं सामान हाताशी मांडूनच अॅसिड ओता. मध्येच जेवायला जायचं नाही.

अॅसिड ओतलं की लगेच खायच्या सोड्याचं पाणी, पाच लिटरला दोन-तीन मोठे चमचे, आत घालून सगळीकडे फिरवा. फॉस्फेटचा थर ठेवायचा असेल तर मात्र डब्यावर सांगितलंय तसंच करा. मग स्वच्छ पाण्याने दोनदा खळखळून धुवा. विहिरीचं पाणी खारट लागत असेल तर शेवटचा हात पिण्याच्या बाटलीबंद पाण्याचा. मग अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अॅसिटोन घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा. पाणी त्यात मिसळून बाहेर येतं. पूर्ण ओता, दोन्ही कप्पे आळीपाळीने खाली करून.

आता वारा. थंड वारा आधी, कारण आत अॅसिटोनची वाफ आहे आणि केस सुकवायच्या ड्रायरची तापलेली तार तिला पेटवू शकते. उघड्यावर, साध्या पंख्यासमोर टाकीचं तोंड धरा. वास पूर्ण गेल्यावरच ड्रायरचा गरम वारा, तोही तोंडापासून हातभर लांबून. मग टाकी उन्हात.

टाकी सुकली हे ओळखायची सोपी रीत: टाकी उन्हात असतानाच तोंडावर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा रबराने घट्ट बसवा, कॉकचं भोकही बंद करा आणि अर्धा तास ठेवा. नंतर सावलीत आणून प्लास्टिकवर आतून पाण्याची वाफ धरते का बघा. पुसटशी जरी धरली तरी शिवणीत पाणी आहे. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा वारा. पत्र्यावर हलकी केशरी झाक राहिली तर घाबरू नका, बहुतेक सीलर ती सहन करतात. ओल मात्र कोणताच सीलर सहन करत नाही.

सीलर कोणता घ्यावा? एका डब्याचा की दोन भागांचा?

एका डब्याचा सीलर वापरायला सोपा. त्यातले बरेच हवेतली ओल शोषून जमणारे युरेथेन असतात. गंमत अशी की त्यांना जमायला ओल लागते, पण पत्र्यावर पाण्याचा थेंब असेल तर त्याच्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि अस्तरात फेसासारखे फुगे राहतात. फुगा फुटला की खाली पत्रा उघडा. उघडलेला डबा पुढच्या वर्षी वापरता येत नाही, आत दगड झालेला असतो.

दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर, जास्त जाड आणि मजबूत बसतं, बारीक भोकं चांगली बुजवतं. मोजमाप मात्र वजनकाट्यावर, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त घातला तर लवकर जमेल असं नसतं. ते कायमचं चिकट राहील. दमट हवेत त्याच्यावर पांढुरकी, तेलकट साय धरते आणि ती अस्तराच्या वरच्या भागाला कमजोर करते. गोव्याच्या हिवाळ्यात, कोरड्या दुपारी काम होणार असेल तर मी इपॉक्सीच्या बाजूने.

टाकीच्या मापाप्रमाणे डब्यावर दिलेलं प्रमाण घ्या. साधारण मोटरसायकलच्या टाकीला पाव ते अर्धा लिटर पुरतो. जास्त घातल्याने जास्त टिकत नाही.

ओतायचं कसं, फिरवायचं कसं?

आधी भोकं. कॉकच्या भोकात जुना बोल्ट किंवा रबरी बूच, आट्यांना व्हॅसलिन. फ्लोटच्या भोकाला पत्र्याची चकती आणि जुनं गॅस्केट. तोंडाजवळच्या पाणी सोडणाऱ्या नळीत सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी किंवा तार घालून ठेवा, नाहीतर ती कायमची बंद होईल. हवेच्या भोकाचंही तेच. खाली जुनी गादी किंवा गोणपाट अंथरा.

दोन भागांचं असेल तर सावलीत, रुंद थाळीवजा भांड्यात मिसळा. उंच मगात मिसळलेलं इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि मिनिटांत घट्ट होतं. फुगे येऊ नयेत म्हणून हळू ढवळा. भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या.

ओता, तोंड प्लास्टिक आणि टेपने बंद करा आणि टाकी अगदी सावकाश फिरवा. डावी कूस, उजवी कूस, पुढचं टोक, मागचं टोक, पालथी. मधाची बरणी कलंडवल्यावर मध ज्या गतीने सरकतो, त्या गतीने. घाईत फिरवलेल्या टाकीच्या वरच्या भागाला, म्हणजे जिथे दव धरतं नेमक्या त्याच जागी, थर पोहोचतच नाही. पन्हाळीच्या दोन्ही बाजू आणि खालच्या शिवणी यांना जास्त वेळ द्या. मधूनमधून तोंड उघडून टॉर्चने बघा. राखाडी पत्रा कुठे उघडा दिसतोय का, एवढंच बघायचं.

मग निथळवणं, आणि इथे कंजुषी नको. जास्तीचा सीलर पूर्ण बाहेर यायला हवा. खालच्या कप्प्यात डबकं राहिलं तर ते वरून कातडी धरतं, आत ओलं राहतं, आणि काही महिन्यांनी ती कातडी पापडासारखी सुटून कॉक बुजवते. टाकी आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या, मग कॉकच्या भोकावर ठेवून निथळू द्या. पहिल्या तासाभरात दर दहा मिनिटांनी बाजू बदला. नळीतली तार आणि भोकांमधली बुचं सीलर चिकट असतानाच फिरवून काढा. पूर्ण घट्ट झाल्यावर ती निघणार नाहीत.

किती दिवस सुकवायचं?

डब्यावरचा किमान काळ, आणि त्यावर दोन दिवस. साधारण चार दिवस ते आठवडा. झाकण उघडं, तोंडावर विरळ कापड, घरात कोरड्या जागी. रात्री अंगणात ठेवू नका, दव पडतं. आत नाक नेल्यावर रसायनाचा तीव्र वास येत असेल तर अजून झालेलं नाही.

पहिल्यांदा पेट्रोल भरल्यावर काय बघायचं?

आधी एक-दोन लिटर घालून हलवा, पांढऱ्या कपड्यातून गाळून ओता. कपड्यावर कणी किंवा चिकटपणा आला तर थांबा, आणखी दिवस द्या. नंतर कॉकला नवीन वॉशर, जाळी साफ, पेट्रोलच्या नळीत छोटा पारदर्शक फिल्टर. कार्ब्युरेटरचा बाऊल उघडून जेट धुवा, कारण जुना गंज तिथे आधीच पोहोचलेला असतो. टाकी लख्ख आणि गाडी तरी अडकत चालते, अशी तक्रार आली की नव्वद टक्के मी बाऊलकडेच बघतो.

बाहेरचा रंग कधी मारायचा?

अस्तरानंतर. आतलं काम करताना रंग वाचवणं कठीण असतं. सांडलेला सीलर थेंबभरही तिथल्या तिथे पुसा, सुकला की रंगासकट निघतो.

आधीच्या मालकाने लावलेलं अस्तर सोलतंय. त्यावरच नवीन लावू?

नको. खालचा थर सुटला की वरचाही जाणार. काढायला मेथिलिन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर लागतो आणि त्याची वाफ बंद जागेत जीव घेऊ शकते. हे काम घरी करू नका. रेडिएटर आणि टाक्यांचं काम करणाऱ्या कारागिराला द्या किंवा टाकी बदला.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची टाकी घरी अशी करता येईल?

माझं उत्तर नाही. पंप टाकीतच असतो. अस्तराची एक खपली त्याच्या जाळीवर बसली की पेट्रोलचा दाब कमी होतो, पंपही जातो. पंप बसतो ती चकती सपाट हवी, तिथे अस्तराचा थर आला तर गळती. टाकी बदला.

अॅल्युमिनियमची किंवा फायबरची टाकी असेल तर?

अॅल्युमिनियमला सोड्याचं जोरकस पाणी किंवा कॉस्टिक लावू नका, ते धातू खातं. फायबरच्या जुन्या टाक्यांचं रेझिन इथेनॉलमध्ये मऊ पडतं. तिथे अस्तर खरोखर उपयोगी, पण लावायचं ते रेझिन मऊ पडायच्या आधी.

त्यापेक्षा नवी टाकी घेतलेली बरी नाही का?

बाजारात मिळत असेल आणि जुनीला भोकं पडली असतील तर हो. पण यझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला, आरएक्स १००चं उत्पादनही त्याच साली थांबलं. बाजारात येणाऱ्या नकली टाक्यांचा पत्रा बऱ्याचदा पातळ असतो, बोल्टची भोकं जुळत नाहीत. बाबांनी घेतलेल्या यझदीची मूळ टाकी, कंपनीच्या पत्र्याची, वाचण्यासारखी असेल तर ती वाचवावी. चार दिवसांची मेहनत त्यापुढे जास्त नाही.

धुतलेलं पाणी आणि जुनं पेट्रोल कुठे टाकायचं?

पेट्रोल, अॅसिटोन, साबणाच्या पहिल्या धुलाईचं पाणी यातलं काहीच जमिनीत किंवा गटारात नाही. आपल्याकडची जमीन जांभ्याची, सच्छिद्र. अंगणात ओतलेलं पाणी विहिरीत आणि कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतरतं, तुमच्या आणि शेजाऱ्याच्याही. पेट्रोल आणि अॅसिटोन कॅनमध्ये जमवून जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. त्या पहिल्या पाण्याचंही वेगळं कॅन करा, ते जळक्या ऑइलमध्ये मिसळू नका. सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात फेस यायचा थांबेपर्यंत खायचा सोडा घाला, गाळ बसू द्या, वरचं पाणी भरपूर पाण्यासोबत सोडा, गाळ कागदात बांधून वेगळा टाका. उरलेलं मिसळलेलं इपॉक्सी डब्यात पूर्ण घट्ट झाल्यावरच कचऱ्यात. घट्ट होताना ते तापतं, म्हणून तो डबा प्लास्टिकच्या पिशवीत किंवा सुक्या पाल्याजवळ ठेवू नका.

भाऊ तारवटी आहे, वर्षातले सात-आठ महिने जहाजावर. गाडी घरी उभी. टाकी पुन्हा गंजू नये म्हणून काय करायचं?

दीड-दोन महिनेच उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. हवेला जागा नाही, दव नाही. सात-आठ महिन्यांसाठी मात्र इथेनॉलवालं पेट्रोल साठवून ठेवू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, कार्ब्युरेटरच्या बाऊलचा स्क्रू सोडून तोही रिकामा करा. अस्तर नसेल तर पेलाभर टू-स्ट्रोक ऑइल आत घालून सगळीकडे फिरवा, जास्तीचं ओता. अस्तर असेल तर नुसती रिकामी पुरे. झाकणाचं रबर नवं घाला, गाडी पत्र्याच्या शेडखाली ठेवा आणि ताडपत्री अंगाला घट्ट गुंडाळू नका, खालून वारा खेळू द्या. चवथीला घरातलं कोणी गाडी पुसायला घेईल तेव्हा झाकण उघडून टॉर्च मारायला सांगा. भाऊ परतला की एक लिटर पेट्रोलने टाकी खळखळून, गाळून बघा आणि मगच पंपावर न्या.